तिसरं टोकियो आणि रिद्धपूर

काही पुस्तकांच्या मुखपृष्ठावर प्रकाशक आपण होऊन छापतो, की हे पुस्तक अनधिकृत आहे. मूळ कलाकृतीच्या मालकांनी परवानगी दिलेली नाही, आमचा त्यांचा काही संबंध नाही. हे लिहायचं ते कोर्टकचेरी टाळण्यासाठी. पण ज्यांना असली पुस्तकं वाचायची असतात, त्यांना नेमका हाच शब्द भुलवतो. मालकाने सांगितलेलं सगळ्यांनाच ठाऊक असतं. मालकाने न सांगितलेलं कुणी सांगत असेल, तर खिशाकडे कोण बघतो?

माझ्या भाच्याकडे असं एक बाड आहे. पोरगा इंजिनिअरिंगला. ‘निऑन जेनेसिस एव्हँगेलिअन’ नावाच्या जपानी ॲनिमे मालिकेचं हे सोबतीचं पुस्तक, इंग्रजीतलं, कुण्या मित्राच्या प्रतीवरून झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग केलेलं. झेरॉक्सचीच झेरॉक्स, त्यामुळे अक्षर पुसट. पण खरं वाचण्यासारखं आहे ते समासात. ही प्रत नागपुरात बर्डीपासून हिंगण्यापर्यंत बऱ्याच हातांतून फिरलेली दिसते. एका पानावर छापलंय, की जमिनीखालच्या दालनात क्रुसावर खिळलेला तो अजस्र पांढरा देह म्हणजे ॲडम. शेजारी निळ्या शाईत: ‘भाग १५ मध्ये असं सांगतात.’ त्याखाली लाल शाईत: ‘चूक. भाग २४ पाहा. ही लिलिथ आहे.’ आणि त्याच्याही खाली, पेन्सिलीने: ‘अबे, मग १५ मध्ये काजी खोटं बोलून राहिला का त्यालेच माहीत नाही?’ काजी हे मालिकेतलं एक पात्र.

मी कॉलेजात मराठी शिकवण्यात उभी हयात घालवली. हा समास वाचला आणि मला लीळाचरित्राची पोथी आठवली. ते का, हे सांगतोच. पण आधी ही मालिका काय आहे ते सांगायला हवं, कारण माझ्या वयाच्या वाचकांना तिचा पत्ता असण्याचं कारण नाही.

आमच्या पिढीच्या घरात ॲनिमे आलं ते दूरदर्शनवरच्या ‘जंगल बुक’मधून, १९९३ साली, रविवारी सकाळी. मूळ मालिका जपानी, १९८९ची. मोगलीचं ते जंगल म्हणजे सिवनीचं, आमच्या पेंचच्या पलीकडलं. म्हणजे नागपूरपासून दोन-तीन तासांवरचं रान जपानात रंगवलं गेलं आणि दिल्लीवरून आमच्याकडे परत आलं. ती मालिका समजायला कुणाला पुस्तक लागलं नाही. मग पोकेमॉन, डोरेमॉन, शिनचॅन. तेही पोरांना आपोआप कळायचं. न कळण्याचा प्रश्न आयांचा होता. आता मात्र तीच पोरं मोठी झाली. ‘डेमन स्लेयर’चा सिनेमा २०२५च्या सप्टेंबरात हिंदी, तामिळ, तेलुगू आवाजांत आपल्या थिएटरांत लागला, आणि बर्डीवर नारुतोचे टी-शर्ट विकणाऱ्याला नारुतो कोण हे विचारायची सोय राहिली नाही.

एव्हँगेलिअन यांतली सगळ्यात आडवळणी. दिग्दर्शक हिदेआकी अन्नो, स्टुडिओ गायनॅक्स. ४ ऑक्टोबर १९९५ला टीव्ही टोकियोवर सुरू झाली आणि पुढच्या मार्चअखेरीस २६ भागांत संपली. वरवर गोष्ट सोपी आहे: ‘देवदूत’ नावाचे महाकाय प्राणी शहरावर चालून येतात, आणि चौदा वर्षांची मुलं तेवढ्याच महाकाय यंत्रदेहांत बसून त्यांच्याशी लढतात. शहराचं नाव तिसरं टोकियो. पण पंचविसाव्या आणि सव्विसाव्या भागात लढाई गायबच होते. मालिकेचा नायक शिंजी खुर्चीवर बसलेला, आणि त्याच्या डोक्यात चाललेली उलटतपासणी. निर्मितीचं वेळापत्रक तोवर पार कोलमडलं होतं. प्रेक्षक खवळले. १९९७च्या जुलैत त्याच गोष्टीचा दुसरा शेवट सिनेमा म्हणून आला, आणि तो पाहून पहिला शेवट सोपा वाटायला लागला. मग २००७ ते २०२१ या काळात चार नवे सिनेमे, पुन्हा सगळं वेगळं. मृत समुद्राच्या गुंडाळ्या, कब्बालाचा जीवनवृक्ष, ॲडम, लिलिथ, शूळ. हे सगळं पडद्यावर येतं आणि त्याचा खुलासा कुणी करत नाही.

खुलासा नसला की खुलासा करणारे येतात. जपानात अशा अनधिकृत पुस्तकांचा बाजार आधीच तापलेला होता. १९९२च्या शेवटी ‘इसोनो घराचं कोडं’ अशा अर्थाच्या नावाचं एक पुस्तक आलं आणि धडाक्याने खपलं. विषय होता ‘साझाए-सान’. ही मालिका १९६९पासून दर रविवारी चालू आहे, अगदी साध्या मध्यमवर्गीय कुटुंबाची, आपल्या कुठल्याही चाळीत शोभेल अशी. तिच्यात कोडं कसलं? पण लेखकांनी ते काढलं, आणि मग अशा ‘कोडेपुस्तकांची’ रांगच लागली. एव्हँगेलिअन आली तेव्हा ही गाडी भरधाव होती. धर्मशास्त्रावर पुस्तकं, मानसशास्त्रावर पुस्तकं.

आणि मग मालिकेचे सहदिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी एका मुलाखतीत सांगून टाकलं, की जपानात ख्रिस्ती लोक फारसे नाहीत, ती चिन्हं दिसायला छान आणि अनोखी वाटली म्हणून घेतली. त्यामागे ख्रिस्ती अर्थ असा काही नाही. शेकडो पानं लिहिणाऱ्यांचं काय झालं असेल? फार काही झालं नाही. भाच्याला मी हे विचारलं तर तो म्हणाला, “मामा, त्यानं म्हटलं म्हणून क्रूस पडद्यावरून जाणार आहे का?” मला उत्तर पटलं. वर्गात मुलांनी ‘कवीला हे खरंच म्हणायचं होतं का सर?’ असं विचारलं, की मी जे चार वाक्यांत सांगायचो ते याने एकात सांगितलं.

तरी माझी एक तक्रार आहे. या बाडाचा अर्धा भाग मला वाचवला नाही. ‘शिंजीचा एकटेपणा म्हणजे आधुनिक माणसाचं अमुक’, ‘अंतिम प्रसंग म्हणजे तमुक’. असली वाक्यं मी पेपर तपासताना इतकी वाचली आहेत, की समोर आली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. आपल्याकडे या धर्तीच्या पुस्तकांना गाईड म्हणतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या अवताराला ‘अपेक्षित’. धडा वाचायचा राहिला तरी ‘मध्यवर्ती कल्पना’ तयार मिळते. गाईडवाल्यांना मी फार दोष देत नाही. प्रश्नपत्रिका काढणारेही आम्हीच होतो, आणि प्रश्नही तेच ते काढत होतो. पण गाईड वाचून कविता आवडलेला मुलगा मी पाहिलेला नाही.

नागपुरात तर न कळण्याची मोठी परंपरा आहे. कवी ग्रेस इथलेच. माणिक गोडघाटे त्यांचं नाव, मॉरिस कॉलेजात मराठी शिकवत. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ची, तेव्हापासून २०१२ला ते गेले तोवर ‘दुर्बोध’ हा शिक्का त्यांच्या मागे लागलेला. त्यांनी किल्ली काही दिली नाही. ललितबंध लिहिले, ते कवितेपेक्षा अवघड. समीक्षकांनी लेखावर लेख लिहिले, पुस्तकं झाली. पण मला आठवतात ते धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर त्यांच्या ओळी म्हणणारे विद्यार्थी. अर्थ विचारला की गप्प. मात्र कुठली प्रतिमा आधी कुठल्या संग्रहात आली होती, ती संध्याकाळ इथे कितव्यांदा येते, हे त्यांना तोंडपाठ असायचं. ते समीक्षक नव्हते, पण कवितेत कुठे पाहायचं हे त्यांना कळत होतं.

भाच्याच्या बाडाचा दुसरा अर्धा भाग नेमका या जातीचा आहे. तिथे अर्थ नाहीत. तिथे जागा आहेत. कुठल्या भागात, कितव्या मिनिटाला, भिंतीवरच्या फळ्यावर काय लिहिलंय. दवाखान्याचं ते अनोळखी छत पहिल्यांदा कधी दिसतं, मग पुन्हा कुठे. चोविसाव्या भागात शिंजीच्या यंत्रदेहाने मुठीत मित्राला धरलेलं आहे. पडद्यावर एकच चित्र, साधारण मिनिटभर, काही म्हणजे काही हलत नाही, आणि मागे बीथोव्हेनची नववी सिंफनी. पैसे आणि वेळ वाचवण्याची ही युक्ती, की दिग्दर्शकाचा बेत? बाडाच्या लेखकाने तो वाद घातलाच नाही. चित्र कधी सुरू झालं, संगीत कुठे पोचलं असताना तुटलं, एवढंच लिहिलं. ते वाचून मी तो भाग पाहिला. त्या मिनिटात मुलगा काही करत नाही हेच त्याचं करणं आहे, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

इथे मला स्थानपोथी आठवली.

महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रभर पायी फिरले. त्यांच्या मागे म्हाइंभटांनी रिद्धपूरला, वाजेश्वरीत, स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांना विचारून विचारून स्वामींच्या आठवणी लिहून काढल्या. ते लीळाचरित्र, १२७८च्या सुमाराचं. म्हाइंभट नुसते ऐकून लिहीत नव्हते. ज्याच्यासमोर घटना घडली त्याच्याकडे जाऊन खातरजमा करत होते. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे त्याचे तीन भाग. भाचा याला सीझन म्हणेल. परंपरा सांगते, की खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि ज्यांना ती पाठ होती त्यांनी ती पुन्हा आठवून लिहिली. त्यामुळे पाठ अनेक झाले. एका लीळेत एक तपशील, आणि लगेच नोंद की हिराइसेच्या आठवणीप्रमाणे तो असा नव्हता, असा होता. या नोंदींना पोथीत ‘वासना’ म्हणतात. शोध घेऊन कळलेल्या गोष्टीला ‘शोधु’. कुठलीही आठवण खोडून दुसरी बसवलेली नाही. सगळ्या शेजारी शेजारी आहेत. निळी शाई, लाल शाई आणि पेन्सिल पाहून मला पोथी का आठवली ते आता कळेल.

आणि या लीळाचरित्राचं एक सोबतीचं पुस्तक आहे, चौदाव्या शतकातलं, मुनिव्यास कोठी यांनी लिहिलेलं: स्थानपोथी. स्वामी जिथे जिथे गेले, त्या त्या गावातल्या जागांची ती यादी आहे. पण यादी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. गाव आलं, की देऊळ कुठल्या तोंडाचं, भोवती कोट होता का, दारं किती, पटीशाळा कुठल्या बाजूला, नदी किती लांब. मग त्या आवारात स्वामी कुठे बसले ते आसनस्थान, रात्री कुठे राहिले ते वसतिस्थान, कुठे जेवले ते आरोगणेचं, कुठे अंघोळ केली ते मादण्याचं, कुठे नुसतेच फिरले ते विहरणाचं. इतकंच नव्हे, लघुशंकेला कुठे गेले तेही: परिश्रयस्थान. देवाच्या चरित्रात ही नोंद ठेवायला मोठी निष्ठा लागते. अर्थ लावणारा माणूस हे पहिल्यांदा गाळेल. मुनिव्यासांनी गाळलं नाही, कारण अर्थ लावणं हे त्यांचं काम नव्हतं. स्वामी गेले; त्यांना पाहिलेली माणसंही एकेक करून जात होती; उरली होती ती जमीन. तिच्यावर कुठे काय झालं हे कुणीतरी सांगून ठेवायला हवं होतं.

याचा पुढे काय उपयोग होईल हे मुनिव्यासांना दिसणं शक्य नव्हतं. त्यातली कितीतरी देवळं पडली, कितीतरींची रूपं बदलली. आज यादवकाळातलं देवालय कसं असायचं हे शोधणारा अभ्यासक स्थानपोथी उघडतो, कारण दार कुठे होतं हे तिथेच सापडतं. ॲरिझोनाच्या ॲन फेल्डहाउस यांनी महानुभाव ग्रंथांची इंग्रजी भाषांतरं केली, महाराष्ट्रातल्या तीर्थांच्या जाळ्यावर लिहिलं. त्याही अभ्यासकांच्या या वाटेवरच्या. आणि ही पोथी आमच्यापर्यंत छापील पोचली ती नागपूरच्या डॉ. वि. भि. कोलत्यांमुळे. बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे कोलते पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या आधी इथल्याच ह. ना. नेन्यांनी १९३६पासून लीळाचरित्र भागाभागाने छापायला घेतलं होतं. लीळाचरित्राची कोलत्यांनी संपादित केलेली प्रत १९७८ची. हे दोघेही पंथाचे अनुयायी नव्हते. शतकानुशतकं या पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे अक्षरांची अदलाबदल केलेल्या सांकेतिक लिपीत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती किल्ली बाहेरच्या अभ्यासकांच्या हाती आली. म्हणजे ज्याला आपण आज मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणतो, तो आपल्यापर्यंत आणणारे लोकही एका अर्थाने अनधिकृतच.

अमरावतीच्या पुढे, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचं गाव. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ निघालंय, त्यामुळे पाट्या वाढल्या आहेत. राजमठात शिरलं की कुणीतरी ‘दंडवत प्रणाम’ म्हणतं. जागोजागी ओटे आहेत. मूर्ती नाही, चित्र नाही, ओटा. भक्त त्याच्यावर डोकं टेकतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, यात पाहायचं काय? हातात स्थानपोथी असेल तर प्रत्येक ओटा बोलायला लागतो, आणि बोलतो तेही मोजकंच: इथे बसले, इथे उठले.

जपानात आज नेमकं हेच चाललेलं आहे, आणि त्याला नावही तीर्थयात्रेचंच आहे: सेइची जुनरेई, पवित्र स्थळांची वारी. मालिकेत दिसलेला जिना, फाटक, शाळेसमोरची रेल्वे क्रॉसिंग शोधत लोक जातात. ‘स्लॅम डंक’मधल्या कामाकुराच्या क्रॉसिंगवर गाडी जाताना फोटो काढायला गर्दी होते, ‘युअर नेम’च्या जिन्यासाठी टोकियोच्या सुगा देवळाजवळची गल्ली भरते. तिकडच्या ॲनिमे पर्यटन संघटनेने तर अशी ८८ ठिकाणं निवडली, शिकोकू बेटावरच्या ८८ देवळांच्या जुन्या परिक्रमेच्या धर्तीवर. एव्हँगेलिअनमधलं तिसरं टोकियो हाकोने या डोंगराळ गावाच्या जागी वसलेलं दाखवलंय. म्हणून हाकोनेत या स्थळांचा नकाशा वाटला गेला. एका कधीच न बांधलेल्या शहराचा नकाशा, खऱ्या बसस्टॉपांसकट.

अनधिकृत सोबती पुस्तकांची एक अडचण मला याच ठिकाणी त्यांची शक्ती वाटते. त्यांना मूळ चित्रं छापता येत नाहीत, हक्क मालकाचे. अधिकृत पुस्तक गुळगुळीत कागदावर रंगीत चौकटी छापतं आणि मोकळं होतं. अनधिकृत लेखकाला तीच चौकट शब्दांत उभी करावी लागते: डावीकडे खिडकी, खिडकीत सिकाडा किड्यांचा आवाज, टेबलावर बिअरचे डबे, पेंग्विनचा फ्रिज. एवढं लिहायचं तर आधी तेवढं पाहावं लागतं. मुनिव्यासांकडेही शब्दच होते.

अमेरिकेत जिल प्वात्रास नावाच्या ग्रंथपालांनी १९९९ साली ‘द ॲनिमे कम्पॅनियन’ लिहिलं, ते मला म्हणून आवडतं. त्यात कुठल्याही मालिकेचं रहस्य नाही. देवळाचं तोरी फाटक, जेवणाचे डबे, सण, वाकण्याच्या पद्धती, आगगाड्या अशा जपानी प्रेक्षकाला सांगायची गरज नसलेल्या गोष्टी त्यांनी अकारविल्हे लावून सांगितल्या. माझ्यासारख्याला हे फार लागतं. पडद्यावर पावसाळा संपून उन्हाळा लागतो आणि पात्रं कासावीस होतात. नागपूरच्या माणसाला त्यात विशेष काय? एव्हँगेलिअनच्या जगात मात्र एका महाउत्पातानंतर जपानात ऋतूच उरलेले नाहीत, बारमाही उन्हाळा आहे. सिकाडा कायम ओरडतात ते त्यासाठी. हे मला त्या बाडातल्या एका ओळीने सांगितलं, आणि त्यानंतर मालिकेतला प्रत्येक घाम मला वेगळा दिसला. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर गेलेल्या पाऱ्यात कूलरसमोर बसून पाहत होतो, हाही भाग असेल.

भाचा आता स्वतःचं रजिस्टर घालतो आहे, मराठीत. रकाने आखलेत: भाग, मिनिट, जागा, कोण हजर, काय ऐकू येतं. मी विचारलं, “अर्थाचा रकाना?” तर म्हणाला, “तो वाचणाऱ्यानं आखावा नं.” मी त्याला कोलत्यांची स्थानपोथी वाचायला दिली आहे. भाषा जड जाते त्याला, पण परिश्रयस्थानावर तो हसला आणि मग म्हणाला, हे आपल्यालाही लिहायला पाहिजे, सगळं लिहायला पाहिजे.

ॲनिमे पाहणारी मराठी मुलं गावोगाव आहेत, आणि त्यांच्यासाठी अशा जातीचं एखादं बरं पुस्तक असायला हवं. ज्यांना लिहायचं असेल त्यांना माझं सांगणं एवढंच: तात्पर्य नंतर, आधी दार कुठल्या दिशेला ते लिहा. आणि वाचणाऱ्यांनी एव्हँगेलिअनचे सव्वीसही भाग संपेपर्यंत कुठलंच पुस्तक उघडू नये. रिद्धपूरला जाताना मात्र स्थानपोथी सोबत घ्यावी. जुन्या ग्रंथालयात विचारली तर मिळते.